जावयाच्या हृदयातली गाठ आणि अठरा संशयित

४ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहिते आहे, त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या खेपेला मी बोलायला लागले आणि तुमच्याकडची अठराच्या अठरा कुत्री एकदम भुंकायला लागली. तुम्ही म्हणालात, "काही ऐकू येत नाहीये हो!" तुम्हीच त्यांना चिथावलंत, असा मला दाट संशय आहे. पत्रावर कोणाला भुंकता येत नाही.

विषय गंभीर आहे. बसून वाचा.

तुमचे जावई, म्हणजे माझा मुलगा, गेल्या मंगळवारी नेहमीप्रमाणे गाडी शिकवायला गेला. शिकणाऱ्या बाईंनी ब्रेकऐवजी भलतंच दाबलं आणि गाडी दिव्याच्या खांबावर गेली. पट्टा छातीवर आवळला, म्हणून एक्स-रे काढला. बरगड्या ठणठणीत निघाल्या, पण हृदयाच्या कडेला फुगवटा दिसला. मग सोनोग्राफी झाली, मग त्याला त्या मोठ्या मशीनमध्ये घातलं, रक्त तपासलं. हृदयाच्या भिंतीत लिंबाएवढी गाठ आहे. पाण्याने भरलेली. आणि ती कशाची, तर कुत्र्याच्या पोटातल्या फीतकृमीची!

डॉक्टरांनी नीट समजावलं. कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, माणसाच्या हाताला लागतात, हातातून तोंडात जातात, आणि रक्तातून फिरत फिरत कुठेतरी ठाण मांडतात. बहुतेकदा यकृतात, नाहीतर फुप्फुसात. हृदयात फार क्वचित. "माझ्या सगळ्या नोकरीतली ही दुसरीच केस!" असं डॉक्टर इतक्या आनंदाने म्हणाले की त्यांच्या हातावर फूटपट्टी मारावीशी वाटली.

धडधड त्याला वर्षभर होत होती म्हणे. "बोलला का नाहीस?" असं विचारलं तर म्हणतो, "आई, ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या सगळ्यांनाच धडधड होते."

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुत्रं आहे का? मी सांगितलं, आमची पायरी आजवर एकाही कुत्र्याने चढलेली नाही. मी तीस वर्षं शाळेत गृहशास्त्र शिकवलं आहे, आमच्याकडे साबणसुद्धा धुऊन वापरतात. मुलगा छताकडे बघत होता. हे स्वतःच्या बुटांकडे. मग सूनबाई हळूच म्हणाली, "माझ्या माहेरी कुत्र्यांचं पाळणाघर आहे."

पुढचं मी लिहीत नाही. तुमच्या त्या अठरा जणांची ताबडतोब तपासणी करून घ्या आणि निकाल लेखी कळवा.

तुमची विहीण


९ फेब्रुवारी

विहीणबाई,

पत्र मिळालं, बसून वाचलं. फोनवर लेक नुसती "सगळं ठीक आहे" म्हणत होती. ती लहानपणापासून अशीच. पाय मोडला तेव्हासुद्धा "जरा मुरगळलाय" म्हणाली होती.

आधी मला हे सांगा, जावईबापू कसे आहेत? जेवतात का? झोप लागते का? घाबरलेत का? तुमच्या पत्रात कृमीबद्दल दीड पान आहे आणि त्यांच्याबद्दल तीन ओळी.

आता कुत्र्यांचं. एक तर, मी कोणाला चिथावलं नाही. आमच्याकडे वकील नावाचा एक काळा कुत्रा आहे. कोणी काही विचारायच्या आधीच तो उत्तर देतो, म्हणून हे नाव. तो सुरू झाला की बाकीचे त्याला दुजोरा देतात. दुसरं, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला आल्या दिवशी जंताचं औषध मिळतं आणि पुढे दर तीन महिन्यांनी. वहीत तारखा आहेत. कच्चं मांस फाटकाच्या आत येत नाही. आमचे हे गेल्यापासून अकरा वर्षं मी एकटीने हे चालवते आहे, आणि आजवर माझ्याकडून कोणाचं कुत्रं आजारी होऊन परत गेलं नाही. माणूस तर नाहीच नाही.

तरीही तुमच्या समाधानासाठी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. अठरा डब्या आणल्या, त्यावर अठरा चिठ्ठ्या डकवल्या. सतरा जणांनी सकाळी मुकाट्याने सहकार्य केलं. वकील मात्र डबी बघितली की मागे फिरायचा. दोन दिवस मी डबी पाठीमागे लपवून, त्याच्यामागे अंगणात सहज फिरायला आल्यासारखी हिंडत होते. शेजारच्या शिंपीणबाईंनी कुंपणावरून विचारलं, "काही हरवलंय का?" मी म्हटलं, "हरवलं नाही, सापडायची वाट बघतेय."

निकाल आठवड्याने येईल. जावईबापूंचं मात्र उलट टपाली कळवा. खरं खरं कळवा.

तुमची विहीण


१५ फेब्रुवारी

विहीणबाई,

विचारलंत म्हणून लिहिते.

तो जेवतो. झोपतो. मी झोपत नाही. डॉक्टर म्हणाले, गाठ फुटता कामा नये. फुटली तर आतलं पाणी रक्तात पसरेल आणि मग काय होईल ते सांगताना त्यांचा तो आनंद कुठच्या कुठे गेला. एवढंच म्हणाले, "छातीला धक्का लागू देऊ नका." तेव्हापासून त्याच्या छातीवर मी उशी बांधली आहे. पुढून एक, आणि पाठीवर एक, कारण मागूनही कोणी आदळू शकतं. मिरपूड घरातून हद्दपार केली आहे, शिंक नको. जिना उतरताना हे त्याच्या पुढे असतात आणि सूनबाई मागे. काल बेल वाजवून दूधवाला जोरात "दूऽऽध" ओरडला, तर मी त्याला कुजबुजायला शिकवलं. आता तो खालच्या मजल्यावरच्यांनाही कुजबुजून बोलावतो आणि त्यांचं दूध चुकतं.

तो हसतो. म्हणतो, "आई, मी गादीच्या दुकानासारखा दिसतो." तो हसला की मला त्याच्या छातीची भीती वाटते, आणि हसला नाही की त्याच्या मनाची.

शस्त्रक्रिया करावीच लागेल. हृदय थांबवून, मशीनवर रक्त फिरवत ठेवून. गाठीभोवती मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या घड्या रचायच्या, म्हणजे एखादा थेंब सांडलाच तर त्यातली पिल्लावळ तिथेच मरते. मिठाच्या पाण्याचं ऐकून मला जरा धीर आला. ते मला समजतं.

ह्यांचं काही कळत नाही. जेवण टाकलंय. परवा स्वयंपाकघरात डोळे पुसत होते. विचारलं तर म्हणाले, "कांदा." त्या दिवशी घरात कांदा नव्हता. आणि तुमच्या कुत्र्यांसाठी त्यांनी म्हणे सहा घोंगड्या पाठवल्या आहेत! संशयितांना घोंगड्या! मी विचारलं तर म्हणाले, "थंडी आहे." वयाने माणूस हळवा होतो, दुसरं काय.

तुमच्या गावात माझी आतेबहीण राहते. तिला मी सावध केलं आहे. तिच्या मैत्रिणींकडेही कुत्री आहेत.

तुमची विहीण


२० फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमच्या आतेबहिणीने सावध केलं. फारच सावध केलं. सोमवारपासून माणसं रांगेने येऊन आपापली कुत्री घेऊन गेली. बँकेतल्या बाईंनी तर हातमोजे घालून नेलं, स्वतःचंच कुत्रं! आता माझ्याकडे तिघं उरलेत. दोघांचे मालक परदेशी आहेत, त्यांना अजून कळलेलं नाही. तिसरा वकील, त्याला मीच पाळलंय.

निकाल आला. अठराही जण स्वच्छ. एकाच्याही पोटात एकही कृमी नाही. कागद सोबत जोडला आहे. तुमच्या आतेबहिणीलाही एक प्रत दिली. ती म्हणाली, "हो का? बरं झालं," आणि दार लावून घेतलं.

घोंगड्या पोचल्या. काल व्याह्यांकडून रबरी चेंडूंचं खोकंही आलं. तीन कुत्री आणि चोवीस चेंडू. त्यांना माझे धन्यवाद सांगा, आणि जेवायला सांगा.

आता मी एक विचारते, राग मानू नका. जनावरांचे डॉक्टर म्हणाले की ही गाठ गोगलगायीच्या चालीने वाढते. लिंबाएवढी व्हायला वर्षानुवर्षं लागतात. आपल्या मुलांच्या लग्नाला अजून दोन वर्षंही झाली नाहीत. लग्नाआधी जावईबापूंनी माझं फाटकसुद्धा बघितलं नव्हतं. तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा, गाठ किती वर्षांची असेल? मला सांगू नका हवं तर. स्वतःसाठी विचारा.

तुमची विहीण


२४ फेब्रुवारी

विहीणबाई,

विचारलं. दहा, पंधरा, वीसही वर्षं असू शकतात म्हणाले.

पण "असू शकतात" म्हणजे "आहेत" नव्हे. सूनबाईची आणि त्याची लग्नाआधी दोन वर्षं ओळख होती, हे आता बाहेर आलं आहे. म्हणजे झाली चार. ती माहेरून येताना कपड्यांवर काय काय घेऊन येत असेल, कोण जाणे. आणि कृमी तुमच्याकडचे असल्यामुळे घाईचेही असू शकतात. डॉक्टरांना मी हे सुचवलं. ते चष्मा पुसत बसले.

आमच्या घरात कुत्रं कधीच नव्हतं. हे मी तीनदा सांगितलं आहे.

शस्त्रक्रिया सहा मार्चला ठरली. सकाळी आठ वाजता. यायचं असल्यास या. आत येण्यापूर्वी हात कोपरापर्यंत धुवावेत.

तुमची विहीण


२६ फेब्रुवारी

प्रिय आई,

(म्हणजे सासूबाई. घरातली आई शेजारच्या खोलीत माझी तिसरी उशी शिवते आहे.)

हे पत्र तुमच्या लेकीला दाखवून लिहितोय. ती म्हणाली, "आत्ता लिहिलं नाहीस तर मीच सांगेन."

मी अकरा वर्षांचा असताना आमच्या जुन्या घरामागे लाकडं ठेवायची खोली होती. तिथे मी एक कुत्रा लपवला होता. तपकिरी, एक कान मोडलेला. रोज ठरल्या वेळी यायचा म्हणून त्याचं नाव पोस्टमन. चौदा महिने होता. आई शाळेत असायची तेव्हा तो, आणि ती यायच्या आत मी शर्ट बदललेला. त्याच्याबरोबर लोळलोय, त्याच्या अंगावर डोकं ठेवून भूगोल पाठ केलाय, एकच बिस्किट दोघांनी अर्धं अर्धं खाल्लंय. हात कधी धुतले नाहीत. धुवायला गेलो असतो तर आईने विचारलं असतं, "आत्ता का धुतलेस?"

बाबांना माहीत होतं. रविवारी ते पेपर आणायला म्हणून जायचे आणि खाटकाकडून मेंढीची फुप्फुसं, आतडी, काय काय टाकाऊ असेल ते पुडीत बांधून त्याच्यासाठी आणायचे. कच्चंच. डॉक्टर म्हणाले, मेंढीच्या त्या भागातूनच कृमी कुत्र्यात जातो. ते ऐकल्यापासून बाबा धड जेवलेले नाहीत. त्यांना वाटतं, त्यांनीच माझ्या हृदयात गाठ घातली. मी कितीही सांगितलं तरी पटत नाही. म्हणून तुमच्या कुत्र्यांना चेंडू पाठवतात.

तुमचं पाळणाघर आमच्या पायी रिकामं झालं. मला रोज सगळं सांगून टाकावंसं वाटतं. पण आईला आत्ता कळलं तर ती बाबांना घराबाहेर काढेल, मग मला ऑपरेशनच्या टेबलावरून उठवून हात धुवायला लावेल. आणि खरं सांगू का? ती रोज सकाळी आरशासमोर उभी राहून म्हणते, "माझ्या घरात काही चुकलेलं नाही." त्या एका वाक्यावर ती उभी आहे. सहा तारखेपर्यंत ते वाक्य तिच्याकडे राहू द्यावं, असं वाटतं. तुम्ही सांगाल तसं करू.

तुमचा जावई


१ मार्च

जावईबापू,

दोन वेळा वाचलं आणि एकदा वकिलाला वाचून दाखवलं. तोसुद्धा गप्प बसला.

सांगू नका. सहा तारखेपर्यंत कोणी काही सांगायचं नाही. पाळणाघर रिकामं आहे, मी काही रिकामी नाही. पिंजऱ्यांना रंग द्यायचा राहिला होता, तो देऊन घेते.

व्याह्यांना माझा निरोप द्या. दारात आलेल्या मुक्या जिवाला त्यांनी खाऊ घातलं, विष नाही घातलं. त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि मलाही अकरा वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं. आणि चेंडू पुरे म्हणावं. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. काल शिंपीणबाई एकावरून घसरल्या.

तुम्ही उशा काढू नका. दिसायला कसंही दिसू दे.

सासूबाई


१ मार्च

विहीणबाई,

विचार केला. कदाचित तुमचंच बरोबर असेल. कृमीचा काय नेम सांगावा. घाईचे असतीलही. सहा तारखेला येते. हात धुऊन येते.

तुमची विहीण


१४ मार्च

विहीणबाई,

तुम्ही आठ तारखेला परत गेलात, त्यामुळे पुढचं तुम्हाला ठाऊक नाही.

आधी महत्त्वाचं. काल तो स्वतःच्या पायांनी खोलीच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. ताप नाही. गोळ्या आणखी काही महिने चालतील. डॉक्टर म्हणतात, गाठ अख्खी निघाली, एक थेंब सांडला नाही. हृदय पहिल्या हाकेला चालू झालं. उशी आता एकच आहे, तीही त्याने खोकताना धरायला, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. माझ्या नव्हे.

आता दुसरं. दहा तारखेला डॉक्टरांनी काचेच्या बरणीत ती गाठीची साल दाखवायला आणली. पांढरी, उकडलेल्या अंड्याच्या पापुद्र्यासारखी. ह्यांनी एकदा बघितलं आणि सरळ जमिनीवर. शुद्धीवर येताना त्यांना वाटलं, मी शेजारी बसले आहे. ती होती नर्स. तिचा हात धरून त्यांनी सगळं सांगितलं. लाकडाची खोली, पोस्टमन, खाटीक, रविवारचा पेपर. मी पायाशी उभी होते. नर्स म्हणाली, "काका, मी तुम्हाला माफ केलं, आता पाणी प्या." विहीणबाई, मला बोलताच येईना. माझ्या आयुष्यात असं प्रथमच झालं.

चौदा महिने! माझ्या स्वयंपाकघरापासून वीस पावलांवर! आणि मी वर्गात मुलींना नखं कशी स्वच्छ ठेवावीत ते शिकवत होते.

मग मुलाने सांगितलं की त्याच्या सव्वीस तारखेच्या पत्रापासून तुम्हाला माहीत होतं. मी घरी येऊन तुमचं एक तारखेचं पत्र काढलं. "कदाचित तुमचंच बरोबर असेल." ते आलं तेव्हा मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. म्हटलं होतं, "बघा, शेवटी कबूल केलं."

आणि त्या दिवशी सकाळी आठ ते दुपारी दोन तुम्ही माझ्या शेजारी बाकावर बसलात. मी दोनदा म्हटलं, "तुमच्या कुत्र्यांनी काय करून ठेवलं बघा." तुम्ही दोन्ही वेळा माझ्या हातात पाण्याचा पेला दिलात.

मला माफी मागता येत नाही. तीस वर्षं मुलींकडून मागवून घेतली, स्वतः कधी मागितली नाही, त्यामुळे सराव नाही. म्हणून मी जे येतं ते केलं आहे. आतेबहिणीला सात पानी पत्र लिहिलं. त्यात गाठीचं वय, मेंढीची फुप्फुसं, तुमच्या अठरा डब्यांचा निकाल आणि ह्यांची चूक, सगळं क्रमवार आहे. शेवटी लिहिलं आहे की ज्यांना ज्यांना तिने सावध केलं, त्यांच्या घरी स्वतः जाऊन ते मोठ्याने वाचून दाखवावं. ती जाईल. मी तिची थोरली बहीण आहे.

बाकीचं समक्ष. मंगळवारच्या गाडीने येते. मुलाकडे सूनबाई आहे, आणि हे आता त्याच्या खोलीबाहेर हलत नाहीत.

तुमची विहीण


२ एप्रिल

जावईबापू,

तुमची आई येऊन आज सतरा दिवस झाले. आली होती दोन दिवसांसाठी. इथलं काही तुम्हाला ती सांगत नसेल म्हणून मी सांगते.

पहिल्या दिवशी ती फाटकाबाहेर उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "चुकलं माझं." मग लगेच म्हणाली, "या फाटकाला गंज चढलाय." संध्याकाळपर्यंत तिने माझी औषधांची वही नवीन आखून काढली, लाल रेघांची. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांना उंचीनुसार उभं केलं. आता चौदा आहेत. होय, परत आले! बँकेतल्या बाई हातमोज्यांशिवाय आल्या. तुमच्या आतेमावशीने ते सात पानी पत्र घरोघर वाचलं, दोन ठिकाणी तर लोकांनी पुन्हा वाचायला लावलं. आता फाटकावर पाटी आहे, तुमच्या आईच्या अक्षरात: "कुत्र्याला कच्चं मांस घालू नये. जंताचं औषध चुकवू नये. खेळून झाल्यावर हात धुवावेत. शंका असल्यास आत बाई आहेत." माणसं नुसती शंका विचारायला येतात. ती एकेकाची नखं तपासते.

मला माझ्याच अंगणात परवानगी घेऊन शिंकावं लागतं. काल मी म्हटलं, "विहीणबाई, घरी व्याही वाट बघत असतील." तर म्हणाली, "बघू द्या. त्यांना अजून दोन आठवड्यांची शिक्षा आहे." व्याह्यांना सांगा, रोज फोन करून ती त्यांना जेवलात का ते विचारते, त्या अर्थी शिक्षा फार कडक नसावी.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी. काल आम्ही दोघी ओट्यावर बसून कुत्र्यांचे वाडगे पुसत होतो. तिने एकच वाडगा तीनदा पुसला. मग विचारलं, "तो पोस्टमन, त्याचं पुढे काय झालं?" मी सांगितलं, तुम्ही लेकीला सांगितलं होतंत ते, की एका ट्रकवाल्याला तो आवडला आणि तो त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून निघून गेला. तुम्ही आठवडाभर रडलात आणि आईला सांगितलंत, पोट दुखतंय.

"आठवतंय," ती म्हणाली. "मी त्याला ओवा दिला होता."

मग म्हणाली, "त्याने मला विचारलं असतं, कुत्रा ठेवू का, तर मी हो म्हटलं असतं का हो?"

खोटं कशाला बोलू, जावईबापू. मी म्हटलं, "नाही."

तिने वाडगा पालथा घातला. "नाहीच म्हटलं असतं," ती म्हणाली. "तरी विचारायला हवं होतं त्याने. मी नाही म्हटलं असतं, त्याने दोन दिवस तोंड फुगवलं असतं, ह्यांनी मध्यस्थी केली असती, आणि तिसऱ्या दिवशी मी म्हटलं असतं, ठेव, पण बाहेर." एवढं बोलून ती उठली आणि आत गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत होता.

तर तुम्ही सावकाश बरे व्हा. गोळ्या घ्या, जिना हळू उतरा, गाडी शिकवायला इतक्यात जाऊ नका. आणि बरे झालात की आईला न्यायला या.

तशी घाई काही नाही.

सासूबाई